मिसाचे अठरावे कलम: एका जुन्या हक्काची पार्श्वभूमी

‘मिसा’ म्हणजे १९७१ चा अंतर्गत सुरक्षा कायदा; माणसाला खटल्याविना कोंडून ठेवण्याची, म्हणजे स्थानबद्ध करण्याची मुभा तो सरकारला देत असे. आणीबाणीत त्याखाली पकडलेल्या मिसाबंदींच्या तुरुंगवासाविषयी महाराष्ट्रात बरेच लिहिले-बोलले गेले आहे. त्या मानाने ‘मिसा’च्या अठराव्या कलमाकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. १९७५ मध्ये घातलेल्या या कलमाचा आशय असा होता: या कायद्याखाली ज्याच्या स्थानबद्धतेचा आदेश निघाला आहे, त्याला नैसर्गिक कायदा किंवा कॉमन लॉ (न्यायालयांच्या निर्णयांतून घडत आलेला इंग्लंडचा कायदा) यांच्या आधारे, तसा काही आधार असलाच तर, व्यक्तिस्वातंत्र्याचा कोणताही हक्क राहणार नाही. स्वतंत्र भारताच्या कायद्याच्या पुस्तकात यापेक्षा भीतीदायक वाक्य माझ्या पाहण्यात नाही.

आणीबाणी पुकारली गेली २५ जून १९७५ रोजी. २७ जूनच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने घटनेच्या अनुच्छेद १४ (कायद्यापुढे समानता), २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) आणि २२ (अटक व स्थानबद्धतेतील संरक्षण) खालील हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद झाला. पाठोपाठ वटहुकूम काढून मिसात कलम १६-अ आले आणि स्थानबद्धतेची कारणे सांगण्याचे बंधनही गेले. एवढे झाल्यावर अठराव्या कलमाची गरज का भासावी? कारण घटनेतला हक्क गोठवला तरी त्याच्या आधीपासून चालत आलेला एक हक्क शिल्लक होता, आणि सरकारी वकिलांना तो चांगला ठाऊक होता.

हा हक्क इंग्लंडच्या न्यायालयांत घडला. कायद्याचा आधार दाखवल्याशिवाय राजाच्या अधिकाऱ्यालाही कोणाला कोंडून ठेवता येत नाही, हे त्याचे सूत्र. ‘हेबिअस कॉर्पस’, म्हणजे बंदीला न्यायालयापुढे आणून त्याला कोंडण्याचे कारण दाखवा असा आदेश, हे त्याचे हत्यार. १६७९ च्या कायद्याने ते अधिक धारदार केले. १९३१ मध्ये नायजेरियातल्या हद्दपार केलेल्या एका प्रमुखाच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे वसाहतींसाठीच्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, हेच सूत्र वसाहतींनाही लागू असल्याचे सांगितले. भारतात १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४९१ ने हा उपाय दिला. सुरुवातीला तो मुंबई, कलकत्ता आणि मद्रास शहरांच्या हद्दीपुरता होता. १९२३ मध्ये त्याचा विस्तार झाला.

तेव्हा मूलभूत हक्क नव्हते, राज्य परकीयांचे होते, महायुद्ध चालू होते. तरीही विमलाबाई देशपांडे खटल्यात नागपूर उच्च न्यायालयाने भारत संरक्षण नियमांखालची अटक तपासली. पोलिसाचा संशय वाजवी होता हे पोलिसानेच सिद्ध केले पाहिजे, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने १९४६ मध्ये उचलून धरले. गुलामीच्या काळात, कोणत्याही लिखित घटनेविना, नागपुरात हे घडू शकले. पुढच्या सगळ्या वादाचे उत्तर मला इथेच दिसते.

घटना आली आणि अनुच्छेद २२६ ने उच्च न्यायालयांना व्यापक अधिकार दिले. मग कलम ४९१ हवे कशाला, असा विचार झाला. विधी आयोगाच्या शिफारशींवर उभारलेल्या १९७३ च्या नव्या संहितेतून ते गाळले गेले. संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली; पुढे पंधरा महिन्यांच्या आत आणीबाणी आली. द्विरुक्ती टाळण्याचा हेतू निर्मळच होता. पण दोन कुलपे लावलेल्या दारातले एक अनावश्यक म्हणून काढावे, आणि नेमकी दुसऱ्याची किल्ली सरकारच्या हाती असावी, तसे झाले.

मुंबई, दिल्ली, अलाहाबाद, मध्य प्रदेश अशा अनेक उच्च न्यायालयांनी आणीबाणीतही बंदींच्या याचिका ऐकण्यास नकार दिला नाही. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ‘एडीएम जबलपूर’ खटला उभा राहिला. बंदींच्या बाजूने शांती भूषण, सोली सोराबजी, व्ही. एम. तारकुंडे अशी मंडळी होती. तारकुंडे मूळचे सासवडचे आणि मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. सुनावणीत खंडपीठावरच्या न्या. खन्नांनी सरकारची बाजू मांडणारे महान्यायवादी निरेन डे यांना विचारले, पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तर दाद कुठे मागायची? आपला युक्तिवाद मान्य केला तर आणीबाणी असेपर्यंत कुठेच नाही, असे उत्तर आले.

२८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक असा निकाल लागला. मुख्य न्यायमूर्ती ए. एन. रे, न्या. बेग, न्या. यशवंत चंद्रचूड आणि न्या. भगवती यांच्या मते जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क अनुच्छेद २१ मध्येच सामावला होता. ते दार बंद, तर सगळेच बंद. न्या. हंसराज खन्ना एकटे वेगळे राहिले. अनुच्छेद २१ नसता तरीही कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचे प्राण वा स्वातंत्र्य हिरावण्याचा अधिकार राज्याला नसता, असे त्यांनी लिहिले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून बेग यांना मुख्य न्यायमूर्ती केले गेले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

सत्तांतरानंतर मिसा रद्द झाला. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत अशी तरतूद केली. एडीएम जबलपूरचा निकाल मात्र २०१७ पर्यंत पुस्तकात राहिला. खासगीपणाच्या हक्काविषयीच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने सर्वोच्च न्यायालयानेच तो मोडीत काढला. तो चुकीचा होता हे लिहिणाऱ्यांत यशवंत चंद्रचूडांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड होते. पिता-पुत्रांची ही गोष्ट वर्तमानपत्रांनी पुष्कळ रंगवली. ४४व्या दुरुस्तीतल्या कलम ३ ची चर्चा मात्र फार कमी झाली.

हे कलम अनुच्छेद २२ बदलणारे होते. स्थानबद्धतेला पुरेसे कारण आहे का हे तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या अभिप्रायाविना एखाद्याला तीन महिने स्थानबद्ध ठेवता येते, ती मुदत दोन महिन्यांवर यायची होती. मंडळाचे अध्यक्षपद उच्च न्यायालयाच्या कार्यरत न्यायमूर्तींकडे जायचे होते. संसदेने दुरुस्ती मंजूर केली, पण हे कलम लागू करण्याची अधिसूचना कोणत्याही सरकारने काढली नाही. ए. के. रॉय खटल्यात डिसेंबर १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला तसा आदेश देण्यास नकार दिला. तेव्हा मुख्य न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूडच होते. १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा आणि झोपडपट्टीदादा, धोकादायक व्यक्ती आदींना स्थानबद्ध करण्यासाठीचा महाराष्ट्राचा १९८१ चा कायदा, एमपीडीए, हे दोन्ही त्या जुन्या, न बदललेल्या अनुच्छेद २२ च्या चौकटीतच चालतात, आणि दोन्हींखाली माणसाला खटल्याविना एक वर्षापर्यंत स्थानबद्ध ठेवता येते.