लोच घरच्या टाकीत प्रजनन करत नाहीत, हा समज अपुरा आहे

‘संप्रेरकाचे इंजेक्शन दिल्याशिवाय लोच अंडी घालतच नाहीत’ असे लोच या तळाशी राहणाऱ्या गोड्या पाण्यातल्या माशांबद्दल मासे पाळणाऱ्यांत वर्षानुवर्षे सांगितले जाते. हे विधान मुख्यतः क्लाउन लोचला लागू पडते. सुमात्रा आणि बोर्निओच्या नद्यांतला हा मासा ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, वयात यायला कित्येक वर्षे घेतो आणि पावसाळ्यात स्थलांतर करून अंडी घालतो; घरात हे सारे जुळणे जवळजवळ अशक्य असल्याने व्यावसायिक संवर्धनात संप्रेरके वापरली जातात.

कूली लोचची गोष्ट निराळी आहे. मादी भरली की तिच्या पोटाच्या पातळ कातडीतून हिरवट अंडी स्पष्ट दिसतात, आणि मऊ पाण्यात, दाट वनस्पतींत, गटाने ठेवलेले मासे पृष्ठभागाजवळ, तरंगत्या वनस्पतींच्या मुळांत ती विखुरतात. अंड्यांची राखण कोणी करत नाही, उलट आईबापच ती खातात. पिल्ले न दिसण्याचे खरे कारण बहुधा हेच असते.

व्हिएतनामची सेवेलिया लिनिओलाटा ही लोच वेगाने वाहणाऱ्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात बारीक खडीत अंडी घालते. तिची पिल्ले दगडांवरच्या शेवाळी थरावर वाढतात, त्यामुळे दगड घासून चकचकीत ठेवण्याचा आग्रह येथे सोडलाच पाहिजे.

पश्चिम घाटातील झेब्रा लोच मात्र बोटिया या लोचांच्या गटातली असून घरी तिचे प्रजनन अतिशय दुर्मीळ आहे. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत ती संकटग्रस्त असल्याने प्रयोगासाठी नदीतून पकडलेले मासे विकत घेणे मला मुळीच मान्य नाही.