गारव्याची पेटी : घरच्या बिअरमागची पार्श्वभूमी

कोकण किनाऱ्यावर घरी बिअर आंबवायला जी गार पेटी वापरतात, ती आज बहुधा एकाच घडणीची असते. जुना फ्रीज, बाहेर टांगलेला, तापमान सांभाळणारा चिनी कंट्रोलर आणि आत झाकणाची बादली. ही घडण इथे जन्मली नाही आणि बाहेरून सरळ उचलूनही आणलेली नाही. वाटेत थर्माकोल आला, बर्फ आला, ओली गोणपाटं आली, आणि सेन्सर कुठे लावायचा यावरून अजून न मिटलेला वाद आला.

फार मागे जाण्यात अर्थ नाही. जर्मनीतल्या बव्हेरियात १५५३ साली फर्मान निघालं की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवायचीच नाही, कारण उन्हाळ्यातला माल नासतो. १८७०च्या दशकात यांत्रिक शीतकरण म्युनिकच्या कारखान्यांत पोचलं आणि ऋतूचं बंधन सुटलं. आपल्याकडे १८३०च्या दशकात अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ जहाजांतून मुंबईत उतरत होता, पण तो साहेबाच्या पेल्यासाठी. बिअरचे कारखाने कसौलीसारख्या थंड डोंगरांवर गेले. कोकणात आंबायची ती माडी, आणि तिला गारवा नकोच होता. सकाळी उतरवलेली माडी संध्याकाळपर्यंत चढते आणि त्याच दिवशी संपते. गार ठेवायची ती नीरा, तीही आंबू नये म्हणून.

आजच्या पेटीचा खरा पूर्वज अमेरिकेतला. तिथे घरच्या बिअरला मोकळीक देणारा केंद्रीय कायदा १९७८ मध्ये झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. १९९०च्या दशकात तिथल्या एका हौशी माणसाने जाड फोमच्या शीटची पेटी आखली. मध्ये आडपडदा, एका कप्प्यात गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या, दुसऱ्यात फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबते ते भांडं, पडद्यात छोटा पंखा आणि तो चालू-बंद करायला घराच्या भिंतीवरचा साधा थर्मोस्टॅट. आराखडा फुकट वाटला गेला आणि जगभर पोचला. ज्यांना एवढाही खटाटोप नको होता ते पाण्याच्या टबात फर्मेंटर ठेवून त्यावर ओला टी-शर्ट चढवत आणि समोर टेबलफॅन लावत.

हा ओला टी-शर्ट कोकणात सपशेल पडला. कारण सरळ आहे. बाष्पीभवनाने वस्तू जास्तीत जास्त ओल्या बल्बच्या तापमानापर्यंत, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो त्या आकड्यापर्यंत उतरते. ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता असलेल्या कोरड्या गावात ते २१ अंशांच्या आसपास येतं, म्हणजे काम भागलं. मे महिन्यात आपल्या किनाऱ्यावर हवा ३२ अंश असली आणि आर्द्रता ७५ टक्के, तर ओलं फडकं २८ अंशांच्या खाली काही केल्या जात नाही. शिवाय आत यीस्ट उष्णता सोडत असतं ते वेगळंच. घाटावरच्या लोकांनी माठ आणि गोणपाटाचे सल्ले दिले, ते त्यांच्याकडे खरेही होते. इथे त्यातून फक्त बुरशी मिळाली.

मग बर्फ. या बाबतीत किनारा नशीबवान. हर्णै, मिरकरवाडा, मालवण, कुठल्याही बंदराला बर्फ आणि मासळीची थर्माकोलची खोकी पाचवीला पुजलेली. अमेरिकन आराखड्यातली पेटी इथे जवळजवळ तयारच मिळत होती, वास धुऊन काढला की झालं. (तो पूर्ण जात नाही. चुना, सोडा, ऊन सगळं करून बघतात लोक.) पण हिशेब मांडला की या पेटीची मर्यादा दिसते. वीस लिटर मध्यम ताकदीची बिअर पूर्ण आंबताना जी उष्णता सोडते ती सगळी शोषायला सुमारे तीन किलो बर्फ पुरतो, तोही काही दिवसांत मिळून. खरा खाऊ ती नव्हे, पेटीची भिंत. फर्मेंटर मावेल एवढ्या, दोन चौरस मीटर पृष्ठभागाच्या पेटीला ५० मिलिमीटर थर्माकोल असेल, बाहेर ३२ आणि आत २० अंश ठेवायचे असतील, तर रोज साडेचार किलोच्या आसपास बर्फ नुसत्या भिंतीतून शिरणाऱ्या उष्णतेपायी जातो. जाडी निम्मी असेल तर नऊ किलो. बाजारातली खोकी बहुधा पातळच असतात. त्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, म्हणजे बंदरावरच्या बर्फाची उलाढालही थंडावलेली. २०१८ च्या राज्यव्यापी बंदीत ताटल्या-पेल्यांबरोबर मखराचा थर्माकोलही गेला, तेव्हा जाड शीट जोडून पेटी बनवण्याचा मार्गही अवघड झाला.

पुण्यात २००९ साली मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर बनवून देणारा छोटा कारखाना, सुरू झाली आणि ताज्या बिअरची चव लोकांना कळली. माल्ट, हॉप्स, सुकं यीस्ट घरपोच मिळू लागलं. त्याच सुमाराच्या पुढे-मागे एसटीसी-१००० नावाचा स्वस्त कंट्रोलर जगभरच्या हौशी लोकांच्या हाती आला. त्याला दोन रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारे स्विच, एक थंड करण्यासाठी आणि एक ऊब देण्यासाठी. ठरवलेल्या तापमानापासून किती सरकलं की तो चालू व्हावा, ही फरकाची मर्यादा ०.३ अंशापासून लावता येते आणि कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधी १ ते १० मिनिटं थांबवता येतो. भंगारात निघालेला सिंगल डोअर फ्रीज आणि हा डबा, एवढ्यात पेटी झाली. बर्फाचा प्रश्न मिटला आणि सेन्सरचा सुरू झाला.

वादाचं मूळ जुन्या पुस्तकांत आहे. तिथे ‘१९ अंशांच्या खोलीत ठेवा’ असं लिहिलेलं असतं, तर यीस्टच्या पाकिटावरचा आकडा द्रवाचा असतो. जोमात आंबणारी बिअर आजूबाजूच्या हवेपेक्षा तीन ते पाच अंश गरम असते, त्यामुळे दोन्ही १९ एकच नव्हेत. सेन्सर पेटीतल्या हवेत लटकवणाऱ्यांचं म्हणणं असं की हवा स्थिर ठेवली की बिअर आपोआप तिच्या मागोमाग येते, आणि उतार-चढाव होत नाहीत. सेन्सर फर्मेंटरच्या अंगाला चिकटवून वर फोमचा तुकडा बांधणारे म्हणतात, आपल्याला हवा प्यायची नाही. यावर पहिल्या पक्षाचा आक्षेप रास्त आहे. वीस लिटर द्रव हळू थंड होतो. तोवर फ्रीज अखंड चालून आतली हवा दोन-तीन अंशांवर नेतो आणि कॉम्प्रेसर बंद झाल्यावरही बिअर खाली घसरत राहते. मग उबेचा रिले लागतो, आणि फ्रीज आणि ऊब देणारा बल्ब एकमेकांशी भांडत बसतात.

हा आक्षेप खरा असला तरी त्यावर उपाय आहे. फरक एक अंशाचा ठेवावा, आत छोटा पंखा सतत चालू ठेवावा आणि कोकणात उबेचा रिले सरळ मोकळा सोडावा, कारण इथे त्याची गरज डिसेंबरातही क्वचितच पडते. हवेतल्या सेन्सरची अडचण मात्र अशी सुटत नाही. दार उघडलं की दमट हवा आत शिरते, सेन्सर लगेच गरम वाचतो आणि बिअरला काही झालेलं नसताना कॉम्प्रेसर लागतो. त्याहून वाईट म्हणजे उघड्या सेन्सरवर दव धरतं. हे सेन्सर एनटीसी जातीचे, तापमान वाढलं की त्यांचा रोध घटतो. जोडात खारट ओल शिरली की रोध तसाही घटतो, कंट्रोलरला वाटतं पेटी तापली आहे आणि तो गार करत सुटतो. यीस्ट गारठून तळाला बसतं, आंबणं अर्ध्यावर थांबतं आणि दोष माल्टला दिला जातो. मुंबईच्या कोरड्या एसी खोलीत बसून हवेच्या सेन्सरची बाजू घेणं सोपं आहे. किनाऱ्यावर सेन्सर अंगाला चिकटवलेला, जोड सिलिकॉनने बंद केलेला, हेच बरोबर. झाकणातून आत जाणारी स्टीलची नळी आणि तिच्यात सेन्सर हा तिसरा मार्ग सर्वांत नेमका आहे, पण नळी नीट उकळून घेतली नाही तर संसर्गाला एक वाट वाढते.

३ जून २०२० च्या चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्यानंतर जुनी थर्माकोलची खोकी पुन्हा माळ्यावरून खाली आली. आता बरेच जण फ्रीजमध्येच बर्फाच्या बाटल्या भरून ठेवतात, वीज गेली तर तेवढाच आधार. पेल्टियर पट्ट्यांचाही, म्हणजे वीज दिली की एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने गरम होणाऱ्या चकत्यांचाही, एक काळ आला होता. त्या स्वस्त आणि बिनआवाजी, पण गरम बाजूची उष्णता ३२ अंशांच्या दमट हवेत टाकताना धापा टाकतात. वीस लिटरला त्या पुरत नाहीत.

कायद्याचं सांगायलाच हवं. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, आणि घरापुरत्या बिअरला त्यातून सूट नाही. पेटी बनवणं गुन्हा नाही, आणि कोंबुचा, आल्याचं सरबत आंबवणं, चीज मुरवणं यासाठी ती चालतेच. पण वीस लिटर बिअर आणि हातभट्टी एकाच ओळीत बसवणारा हा कायदा ज्या काळात झाला त्या काळात शहाणपणाचा असेलही, आज तो नुसता जुना आहे.

गेल्या काही वर्षांत या सगळ्यावर पाणी फिरवणारी एक गोष्ट आली आहे. नॉर्वेच्या शेतघरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं क्वाइक यीस्ट ३५ अंशांतही स्वच्छ आंबवतं, दोन-तीन दिवसांत काम उरकतं. मे महिन्यात नळाचं पाणीच तीस अंशांच्या घरात असतं, तेव्हा वर्ट, म्हणजे माल्टचं उकळलेलं गोड पाणी, ३५ पर्यंत उतरवणं कोणालाही जमतं, आणि पेटीची गरजच राहत नाही. काहींनी फ्रीज पुन्हा भंगारात दिले. लागर, म्हणजे थंडीत हळू आंबवायची बिअर, करू पाहणाऱ्यांना मात्र ही पळवाट नाही. त्यांचं यीस्ट ८ ते १३ अंशच मागतं, आणि पुढे आठवडेच्या आठवडे शून्याच्या जवळ मुरवावं लागतं. त्यांच्यासाठी आता रुंद तोंडाचा डीप फ्रीजर घ्यायचा की उभा फ्रीज पुरे, यावर चर्चा चालू आहे. दार वरून उघडणाऱ्या फ्रीजरमधून गार हवा सांडत नाही आणि दमट हवा कमी शिरते, म्हणून माझं मत त्या बाजूला आहे. भरलेली बादली वाकून उचलताना कंबर काय म्हणते ते आपापलं पाहावं.