विंडोज ११ वर लग्नाची फिल्म चालत नसेल तर : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

नवा लॅपटॉप घेतला किंवा जुन्यावर विंडोज ११ टाकून घेतले, आणि तुम्ही दिलेला पेनड्राइव्ह चालेनासा झाला, अशा अर्थाचे फोन आमच्या स्टुडिओत सध्या जवळजवळ रोज येतात. विंडोज ११ तसे ५ ऑक्टोबर २०२१ रोजीच बाजारात आले. पण विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला, आणि आमच्या बहुतेक ग्राहकांच्या घरी नवी प्रणाली त्याच्या आगेमागेच पोहोचली. म्हणून सर्वांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगण्याऐवजी ती येथे सविस्तर लिहून देत आहोत. आतापर्यंत या तक्रारीसह परत आलेल्या पेनड्राइव्हपैकी जवळजवळ सर्व आमच्याकडच्या संगणकावर पहिल्या फटक्यात चालले आहेत. फिल्म शाबूत असते. ती उलगडून दाखवणारा कोडेक नावाचा छोटा प्रोग्राम नव्या संगणकात नसतो, एवढाच प्रश्न असतो.

फोन करण्यापूर्वी एक गोष्ट मात्र नीट पाहून ठेवावी : आवाज येतो आणि चित्र दिसत नाही, की चित्र दिसते आणि आवाज येत नाही? ही दोन लक्षणे वेगळी आहेत, त्यांची कारणेही वेगळी आहेत, आणि ‘चालत नाही’ एवढेच कळवल्यास आम्हाला नेमके काही सांगता येत नाही.

आवाज येतो पण पडदा काळा राहतो, किंवा कोडेक हवा असल्याची पाटी येते, तेव्हा कमतरता एचईव्हीसी नावाच्या कोडेकची असते. आमच्या फोर-के फिल्म एचईव्हीसी म्हणजेच एच.२६५ या पद्धतीने साठवलेल्या असतात. या पद्धतीवर अनेक कंपन्यांचे पेटंट हक्क आहेत आणि तिच्या वापरासाठी शुल्क द्यावे लागते. त्यामुळे २०१७ च्या अखेरीपासून मायक्रोसॉफ्टने हा कोडेक विंडोजमधून वेगळा काढला असून तो त्यांच्या स्टोअरमध्ये अल्प किमतीला मिळतो. काही लॅपटॉप कंपन्या तो आधीच घालून देतात, काही देत नाहीत. ‘शेजाऱ्यांकडे तोच पेनड्राइव्ह व्यवस्थित चालला’ असे ग्राहक सांगतात, त्याचे कारण बहुधा हेच असते.

चित्र दिसते पण आवाज येत नाही, ही तक्रार प्रामुख्याने आमच्या जुन्या कामांबाबत येते. व्हीएचएस कॅसेटवरून आम्ही ज्या डीव्हीडी करून दिल्या आणि ज्यांच्या फाइल पुढे पेनड्राइव्हवर उतरवून दिल्या, त्यांतील आवाज एसी-३, म्हणजे डॉल्बी डिजिटल, या पद्धतीचा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून हा कोडेक नव्याने बसवलेल्या प्रणालीत दिला जात नाही. ज्या संगणकावर तो पूर्वीपासून होता आणि ज्यावर केवळ अद्ययावतीकरण झाले, तेथे तो तसाच राहतो. त्यामुळे एकाच घरातील जुन्या संगणकावर आजीच्या एकसष्टीची फिल्म बोलते आणि नव्या लॅपटॉपवर मुकी होते.

आता ज्या चुकीसाठी हे पत्रक मुख्यतः लिहिले आहे तिच्याकडे येतो. फिल्म चालली नाही की बहुतेक जण इंटरनेटवर ‘कोडेक पॅक’ किंवा ‘ऑल फॉरमॅट प्लेअर’ शोधतात आणि सर्वांत वर जी जाहिरात दिसेल तिथून ते उतरवून घेतात. कृपया असे करू नये. विंडोज एक्सपी आणि विंडोज ७ च्या काळात कोडेक पॅक उपयोगी पडत असत हे खरे आहे, आणि त्या वेळी आम्ही स्वतः अनेकांना ते बसवूनही दिले आहेत. परंतु ते पॅक डायरेक्टशो नावाच्या जुन्या व्यवस्थेसाठी बनवलेले असतात, आणि विंडोज ११ मधील नवा मीडिया प्लेअर त्या व्यवस्थेकडे पाहतच नाही. तो मीडिया फाउंडेशन या नव्या व्यवस्थेवर चालतो. साहजिकच एक पॅक बसवला, फरक पडला नाही, म्हणून दुसरा बसवला, तरीही फरक पडत नाही. दरम्यान अनोळखी ठिकाणाहून आलेल्या त्या पॅकसोबत जाहिराती दाखवणारी आणि ब्राउझरचे पहिले पान बदलणारी सॉफ्टवेअर मात्र आत शिरलेली असतात.

गेल्या लग्नसराईत आमच्या एका ग्राहकांनी याच वाटेने चार दिवस घालवले. तीन पॅक बसवून झाल्यावर संगणक मंदावला, मग तो दुरुस्तीला देऊन फॉरमॅट करवून घेतला, आणि त्यात कार्यालयीन कागदपत्रांचा एक संपूर्ण फोल्डर गेला. त्यांचा पेनड्राइव्ह आमच्याकडे आला तेव्हा हळदीपासून पाठवणीपर्यंतची फिल्म सुरळीत चालली. त्यांनी पहिल्या दिवशीच फोन केला असता तर दहा मिनिटांत काम झाले असते, याची आम्हाला आजही हळहळ वाटते.

त्याचप्रमाणे ऑनलाइन कन्व्हर्टरचा, म्हणजे फाइलचा प्रकार बदलून देणाऱ्या संकेतस्थळांचाही, आधार घेऊ नये. पन्नास जीबीची फाइल तिथे चढणार नाही ही एक अडचण आहेच, पण आपल्या घरच्या कार्याचे चित्रण कोणाच्या संगणकावर जाऊन बसते हे आपल्याला कळत नाही, ही अडचण आम्हाला अधिक गंभीर वाटते.

वर सांगितलेल्या दोन्ही लक्षणांवर उपाय एकच असून तो विनामूल्य आहे : व्हीएलसी मीडिया प्लेअर. त्याला लागणारे कोडेक त्याच्या आतच असतात, त्यामुळे विंडोजमध्ये काय आहे आणि काय नाही याच्याशी त्याचा फारसा संबंध येत नाही. १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून तो घडत गेला, आणि आज व्हिडिओलॅन ही नफा न कमावणारी संस्था तो सांभाळते. तो व्हिडिओलॅन डॉट ओआरजी या तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, २०२२ मध्ये काही महिने हे संकेतस्थळ भारतात बंद ठेवण्यात आले होते आणि त्या काळात लोकांना इतर ठिकाणांहून व्हीएलसी उतरवण्याची सवय लागली. नोव्हेंबर २०२२ पासून ते पुन्हा खुले आहे, तेव्हा आता ती सवय सोडलेली बरी.

व्हीएलसी बसवूनही ‘काहीच बदलले नाही’ असे सांगणारे पुष्कळ असतात, कारण फाइलवर दोनदा क्लिक केल्यावर विंडोज पुन्हा स्वतःचाच प्लेअर उघडते. त्यासाठी फाइलवर उजवे बटण दाबून ‘ओपन विथ’ मध्ये ‘चूज अनदर अ‍ॅप’ निवडावे, यादीतील नारिंगी-पांढऱ्या शंकूच्या चिन्हावर क्लिक करावे आणि शेवटी ‘ऑलवेज’ दाबावे. एमपी४ आणि एमकेव्ही अशा दोन्ही प्रकारच्या फाइल असतील तर हे प्रत्येक प्रकारासाठी एकदा करावे लागते.

‘मग तुम्ही असली पद्धत वापरताच कशाला?’ असा प्रश्न काही जण थोड्या रागानेच विचारतात. त्यांचा राग आम्ही समजू शकतो, पण आमची बाजूही ऐकून घ्यावी. ४० एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) दराने साठवलेली फोर-के फिल्म तासाला सुमारे १८ जीबी जागा घेते, म्हणजे तीन तासांचे लग्न ५४ जीबीत, एका ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर मावते. जुन्या एच.२६४ पद्धतीने तोच दर्जा राखायचा तर जवळजवळ दुप्पट जागा लागते, किंवा शालूची जर आणि मांडवातील दिव्यांचे बारकावे गमवावे लागतात. आम्ही बारकावे गमवायला तयार नाही. शिवाय ही पद्धत आता आमच्यापुरती राहिलेली नाही : आयफोनसुद्धा २०१७ पासून याच पद्धतीने चित्रीकरण करू शकतो, त्यामुळे आपण स्वतः घेतलेले व्हिडिओही नव्या लॅपटॉपवर अशीच अडचण देऊ शकतात आणि वरील उपाय त्यांनाही लागू पडतो.

फिल्म चालते पण अडखळत चालते, असे असल्यास प्रथम ती पेनड्राइव्हवरून संगणकात कॉपी करून घ्यावी आणि मग लावावी. त्यानंतर व्हीएलसीची आवृत्ती पाहावी. ती ३ च्या आधीची असेल तर बदलावी, कारण संगणकातील ग्राफिक्स चिपची मदत घेऊन फोर-के चित्र उलगडण्याची सोय २०१८ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून आपोआप चालू असते. मायक्रोसॉफ्टच्या अटीत न बसणाऱ्या जुन्या संगणकावर कोणी आडवाटेने विंडोज ११ बसवून दिले असेल, तर मात्र तिथे फोर-के सुरळीत चालेल अशी हमी आम्ही देऊ शकत नाही.

विंडोज ११ मध्ये डीव्हीडी चित्रपट चालवण्याची सोय मुळातच नाही; व्हीएलसीमध्ये ती आहे. मॅक वापरणाऱ्यांना २०१७ च्या हाय सिएरा आवृत्तीपासून एचईव्हीसीची अडचण येत नाही. युरोपातील नातेवाइकांच्या संगणकावर विंडोजची ‘एन’ आवृत्ती असेल तर तिच्यात मीडिया प्लेअरच नसतो, म्हणून त्यांना फिल्मची लिंक पाठवताना सोबत व्हीएलसी घेण्यासही सांगावे.

आमच्याकडून काम करून घेतलेल्या कोणत्याही ग्राहकाने, काम कितीही जुने असो, लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह घेऊन यावे. व्हीएलसी बसवून, फिल्म समोर लावून दाखवण्याचे आम्ही काहीही घेत नाही. ज्यांना हे काहीच करायचे नाही, त्यांना टीव्हीवर आणि जुन्या संगणकावर सहज चालेल अशी फुल एचडी प्रत एच.२६४ मध्ये करून दिली जाईल. नव्या ऑर्डरसोबत ती मागितल्यास वेगळे शुल्क नाही. जुन्या कामासाठी केवळ पेनड्राइव्हची किंमत घेतो. घरात अजूनही व्हीएचएस कॅसेट पडून असतील तर त्या याच फेरीत घेऊन आल्यास फीत तपासून सांगता येईल, आणि आता आम्ही त्यांचा आवाज एसी-३ ऐवजी एएसी या दुसऱ्या पद्धतीत उतरवतो, त्यामुळे नव्या लॅपटॉपवरही तो ऐकू येतो. मुहूर्ताच्या दिवशी आम्ही सर्व जण मंगल कार्यालयात चित्रीकरणावर असतो, म्हणून येण्यापूर्वी एक फोन करावा, आणि तोपर्यंत पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नये.