शिंगधारी मोशे

रोममधील सान पिएत्रो इन विंकोली या चर्चमध्ये मायकेलअँजेलोने घडवलेला, बायबलमधील ज्यू प्रेषित मोशेचा संगमरवरी पुतळा आहे. उंची सुमारे २३५ सेंमी., घडणीचा काळ साधारण १५१३ ते १५१५. मोशे बसलेला आहे. उजव्या हाताखाली देवाने दिलेल्या दहा आज्ञांच्या पाट्या, त्याच हाताची बोटे लांबलचक दाढीच्या बटांत गुंतलेली, मान डावीकडे वळलेली. आणि कपाळावरच्या कुरळ्या केसांतून दोन आखूड, बोथट शिंगे वर आलेली. पहिल्यांदा पाहणारा तिथेच अडखळतो. शिंगे म्हटली की सैतान, मग ती प्रेषिताच्या डोक्यावर कशी?

उत्तर एका हिब्रू शब्दात आहे. सिनाय पर्वतावरून उतरताना मोशेचा चेहरा तेजाने झळकत होता, असे बायबलच्या ‘निर्गम’ या ग्रंथात (३४:२९) आहे. तिथले ‘कारन’ हे क्रियापद ‘केरेन’, म्हणजे शिंग, याच्याशी नाते सांगते. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम या ख्रिस्ती विद्वानाने बायबलचे लॅटिन भाषांतर करताना ‘शिंगे असलेला’ अशा अर्थाचा ‘कोर्नूता’ हा शब्द योजला. मराठी बायबलात मात्र तेजच आहे.

याला सरसकट ‘भाषांतरातली चूक’ म्हटले जाते, पण ते फार घाईचे वाटते. आधीच्या ग्रीक भाषांतरात इथे गौरवाचा अर्थ घेतला आहे, हे जेरोमला ठाऊक होते, तरी त्याने शिंगेच निवडली. शिवाय प्राचीन जगात शिंग हे सामर्थ्याचे चिन्ह होते. अलेक्झांडरचा सेनानी आणि नंतर राजा झालेल्या लिसिमाकसच्या नाण्यांवर अलेक्झांडरच्या डोक्याला मेंढ्याची शिंगे दिसतात. मराठीत एखाद्याला ‘शिंगे फुटली’ की तो शेफारला असे आपण समजतो, तो अर्थ इथे उपयोगाचा नाही. पुढे युरोपात शिंगे ज्यूद्वेषाच्या चित्रांतही शिरली, हेही खरे.

शिंगांची कल्पना मायकेलअँजेलोची नव्हे. अकराव्या शतकातल्या इंग्लंडमधील एका सचित्र हस्तलिखितात शिंगधारी मोशे आहे. फ्रान्समधील दिजाँजवळच्या मठासाठी शिल्पकार क्लाउस स्लूटरने १४०० च्या आसपास घडवलेला मोशेही तसाच.

पोप दुसऱ्या ज्युलियसने १५०५ मध्ये आपल्या थडग्याचे काम मायकेलअँजेलोला दिले. मूळ आराखड्यात चाळीसहून अधिक मूर्ती होत्या आणि मोशे वरच्या टप्प्यावर, म्हणजे खालून मान वर करून पाहण्यासाठी, योजलेला होता. करार बदलत गेले, आराखडा आक्रसला आणि १५४५ मध्ये स्मारक उभे राहिले तेव्हा मोशे तळमजल्यावर, मधोमध आला. ज्युलियसचे दफन मात्र इथे नाही, व्हॅटिकनमधील सेंट पीटर्स चर्चमध्ये आहे.