साहेबांचा चेहरा आणि टीमचं ब्लडप्रेशर

मोठा क्लायंट हातचा गेलाय, ही कुणकुण टीमला आधीच लागलेली असते. सोमवारच्या मीटिंगला मॅनेजर हसतमुखानं येतो, 'ऑल गुड, काळजीचं काही नाही' म्हणतो आणि झटकन पुढच्या स्लाइडवर जातो. थोड्या वेळानं चहाच्या टपरीवर जो तो आपला सीव्ही कधी अपडेट केला होता ते आठवत उभा. साहेब थाप मारतोय असं कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, पण कुणाला चैनही पडत नाही.

ही बेचैनी प्रयोगशाळेत मोजली गेली आहे. अमेरिकेतल्या एमिली बटलर, जेम्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी एकमेकींना न ओळखणाऱ्या स्त्रियांच्या जोड्या केल्या, त्यांना हिरोशिमा-नागासाकीच्या संहाराची फिल्म दाखवली आणि मग त्याबद्दल बोलायला बसवलं. काही जोड्यांत एकीला गुपचूप सांगितलं होतं, की मनात काय चाललंय ते चेहऱ्यावर अजिबात दिसू द्यायचं नाही. दुसरीला याचा पत्ता नव्हता. भावना दाबणारीचं लक्ष बोलण्यातून उडालं, तिचे प्रतिसाद थंडावले. हे अपेक्षितच म्हणा. पण रक्तदाब समोरच्या, बिचाऱ्या अनभिज्ञ बाईचाही वाढला! शिवाय तिला भावना दाबणाऱ्या बाईशी सूर जुळतोय असंही फारसं वाटलं नाही.

म्हणजे चेहरा कोरा ठेवला की ताण जिरत नाही, तो टेबलापलीकडे जातो.

मग लोकांना आपलं मन वाचता येतं का? तर तसंही नाही. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक गमतीदार प्रयोग मांडला होता. काही जणांना छोट्या पेल्यांतून पेय चाखायला दिलं, त्यातल्या काही पेल्यांत मुद्दाम घाणेरड्या चवीचं. तोंड वाकडं करायचं नाही, ही अट. आपली चोरी बऱ्याच जणांनी पकडली असणार, असं चाखणाऱ्यांना वाटलं. प्रत्यक्षात पाहणाऱ्यांना तेवढं ओळखता आलं नाही. ऑफिसात हेच जास्त घातक ठरतं, असं मला वाटतं. काहीतरी बिनसलंय एवढं जाणवतं, काय ते समजत नाही, आणि ती मोकळी जागा अफवा भरून काढतात.

याचा अर्थ साहेबानं सगळ्यांसमोर मन मोकळं करत सुटावं असा मात्र नाही. इथे एलियट अ‍ॅरन्सनचा १९६६ चा प्रयोग पाहायला हवा. विद्यार्थ्यांना प्रश्नमंजुषेच्या एका उमेदवाराची टेप ऐकवली. काही टेप्समध्ये त्याची ९२ टक्के उत्तरं बरोबर, तर काहींत फक्त ३०. काही टेप्समध्ये शेवटी तो नव्या सुटावर कॉफी सांडतो. हुशार उमेदवाराची कॉफी सांडली तेव्हा तो ऐकणाऱ्यांना आणखी आवडला. सुमार उमेदवार मात्र होता त्याहूनही नावडता झाला.

कॉफी सांडणं आणि क्लायंट गमावणं यांत फरक आहेच. तरी कामात पक्का असलेला टीम लीड जेव्हा म्हणतो, 'क्लायंट गेला, अंदाज माझा चुकला, कुणाच्या प्रोजेक्टवर परिणाम होईल ते शुक्रवारी सांगतो,' तेव्हा त्याची पत टिकते. रुजू होऊन आठवडा झालेल्यानं पहिल्याच मीटिंगमध्ये 'मला यातलं फारसं कळत नाही' म्हटलं, तर लोक त्याच्या प्रांजळपणाचं कौतुक करणार नाहीत; ते त्याच्या वरच्या साहेबाला ईमेल टाकतील.