ट्यूब उरली पाहिजे : नवीन टॅटूला क्रीम लावण्याबद्दल

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या स्टुडिओतून टॅटू करून निघताना तुमच्या हातात दोन गोष्टी पडतात : वीस ग्रॅमची एक ट्यूब आणि हा कागद. ट्यूब सगळे वापरतात. कागद बहुतेक जण गाडीच्या डिकीत टाकतात. म्हणून या वेळी तो नव्यानं लिहिलाय आणि मुद्द्याची गोष्ट आधीच सांगून टाकतो. टॅटू तळहाताएवढा असेल, तर पंधरा दिवसांनी या ट्यूबमधली निम्मी क्रीम उरायला पाहिजे.

पाचव्या-सहाव्या दिवशी फोन येतो, "दादा, ट्यूब संपली की ओ. दुसरी कुठली आणू?" एवढं ऐकलं की पुढचं आम्हाला न बघता कळतं. टॅटू चिकचिकीत झालाय, खपली फुगून मऊ पडलीय, आजूबाजूला बारीक पुटकुळ्या उठल्यात आणि एका कोपऱ्यातला रंग शर्टाला लागून गेलाय. मग हा माणूस स्टुडिओत येतो आणि समोर दुसऱ्याचं काम चालू असताना विचारतो, "शाई हलकी वापरली काय?" शाई तीच असते, जी त्याच्याबरोबर आलेल्या मित्राच्या हातावर झकास बसलेली असते. मित्रानं क्रीम कमी लावलेली असते, बाकी फरक काही नाही.

काळजी न घेणारे आमच्याकडे फार नाहीत. जास्त घेणारे आहेत. हजारो रुपये मोजलेत, तर दिवसातनं सात-आठ वेळा थापायला काय जातंय, असा हिशेब असतो.

आता कारण. टॅटूची सुई त्वचेत साधारण एक ते दोन मिलिमीटर जाते. शाई बसते ती आतल्या थरात, पण तिथवर जाताना वरच्या थराला हजारो बारीक भोकं पडतात. म्हणजे नवीन टॅटू ही एक उघडी जखम असते, गुडघा खरचटल्यासारखी. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकानं डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून दाखवलं, की कोरडी पडून कडक खपली धरलेल्या जखमेपेक्षा ओलसर ठेवलेली जखम लवकर भरते. क्रीम लावायची ती यासाठी. पण ओलसर म्हणजे ओली नव्हे. राधानगरी, गगनबावड्याकडं भाताची लावण करणाऱ्यांना विचारा. दिवसभर चिखलात पाय राहिला की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडते, मऊ होते आणि नुसत्या घासण्यानं सोलून निघते. क्रीमचा जाड थर नव्या टॅटूचं हेच करतो. खालची लस (जखमेतून पाझरणारं पातळ पाणी) आणि घाम बाहेर पडत नाही, खपली भिजते, फुगते, बाहीला अडकते आणि निघताना सोबत शाई घेऊन जाते. वर त्या चिकट थराला धूळ बसते ती वेगळीच. शिरोलीला फौंड्रीत काम करणाऱ्या एका गिऱ्हाईकाचा टॅटू आम्ही तिसऱ्या दिवशी पाहिला तेव्हा त्याच्यावर काळ्या वाळूचा थर बसलेला होता. खरकागद म्हणून वापरता आला असता.

माप असं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून एक सरळ रेघ काढा. ही साधारण अर्धा ग्रॅम. त्वचेचे डॉक्टरही मलमाचं माप असंच सांगतात आणि एवढ्यात मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढी जागा होते. म्हणजे एका तळहाताएवढ्या टॅटूला अर्धी रेघ, पाव ग्रॅम. पहिले दोन दिवस क्रीम लावायची नाही (का ते पुढे येतंय), नंतरचे तेरा दिवस, दिवसाला तीनदा. गणित करून बघा, पावणेदहा ग्रॅम होतात. उरलेली निम्मी ट्यूब हीच तुमची परीक्षा. मनगटावरचं नाव किंवा बोटावरचा बदाम असेल तर हरभऱ्याच्या डाळीएवढी क्रीमसुद्धा जास्त होते.

लावून झाल्यावर उजेडात बघा. टॅटू हलका ओलसर दिसला तर ठीक. दिव्याखाली चमकत असेल तर जास्त झालं. कोऱ्या टिश्यूनं टिपून घ्या. पुसायचं नाही, टिपायचं.

या चुकीचा जोडभाऊ म्हणजे धुतल्या धुतल्या ओल्या अंगावर क्रीम लावणं. त्यानं पाणी आत कोंडतं. आधी हात साबणानं स्वच्छ धुवा. मग कोमट पाणी आणि बिनवासाचा सौम्य लिक्विड सोप तळव्यावर घेऊन टॅटूवर हलक्या हातानं फिरवा. घासणी, स्पंज काही नको. किचन टिश्यूनं टिपा, घरातल्या सगळ्यांच्या टॉवेलनं नको, कितीही धुतलेला असला तरी. मग दहा-पंधरा मिनिटं काहीच करू नका. चहा प्या. त्वचा कोरडी, किंचित ताणल्यासारखी वाटली की मग क्रीम. या दहा मिनिटांना आमच्याकडे कुणी मानत नाही आणि निम्मे टचअप (उडालेला रंग परत भरण्याची कामं) त्यातूनच येतात.

पहिले दोन दिवस क्रीम नको, कारण तेव्हा टॅटूतून लस आणि शाईमिश्रित पाणी सुटत असतं. त्याला वाट मोकळी हवी. फक्त सकाळ-संध्याकाळ धुणं, टिपणं. काही ठिकाणी पहिल्या तासापासून मलम लावायला सांगतात, त्यांचेही टॅटू बरे होतात, आमचं भांडण नाही. पण इथल्या दमट हवेत आम्हाला हीच पद्धत पटलेली आहे. रात्री अंगाखाली जुनी, धुतलेली सुती चादर घाला. सकाळी चिकटलेली आढळली तर ओढू नका, चादरीसकट पाण्याखाली धरा, आपोआप सुटेल.

"बाकीचे डबा देतात, तुम्ही एवढीशी ट्यूब देता", असं ऐकावं लागतं. मुद्दाम देतो. डबा दिला की डबाभर लावला जातो, आणि डब्यात रोज बोट बुडतं. ते बोट त्याआधी कुठं कुठं जाऊन आलेलं असतं, देव जाणे. ट्यूबचे पैसे टॅटूच्या दरातच धरलेले आहेत, वेगळे घेत नाही. आमचीच ट्यूब पाहिजे असंही नाही. मेडिकलमध्ये बिनवासाचं, बिनरंगाचं साधं मॉइश्चरायझर मिळतं, तेही चालेल. टॅटूचं चित्र छापलेल्या महागड्या डब्या आम्ही विकत नाही, कारण आत वास घातलेलं लोणीच असतं.

घरच्या औषधांबद्दल. व्हॅसलीन वाईट नाही, पण ते त्वचेवर झाकण घालतं. पातळ लावायला जमत नाही कुणाला, म्हणून नकोच. खोबरेल तेल टॅटू पूर्ण भरल्यावर खुशाल लावा, आधी नको. देवळीतल्या त्या बाटलीत घरातल्या सगळ्यांची बोटं गेलेली असतात. जखमेवर टाकायची पावडर लसेबरोबर मिसळून सिमेंटासारखी बसते. वासाची अँटिसेप्टिक मलमं आणि निओमायसिन हे अँटिबायोटिक असलेली क्रीम काहींना चालत नाही, उलट पुरळ उठतं. आणि खाज सुटली म्हणून घरातली नायट्याची क्रीम लावणारे आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, नका लावू. अशा बऱ्याच क्रीममध्ये स्टिरॉइड असतं आणि त्यानं जखम भरायला वेळ लागतो.

हळद हा नाजूक विषय आहे. बऱ्याच जणींच्या आज्या म्हणतात, आम्ही गोंदून घेतलं तेव्हा वर हळदच चोळली होती, काय झालं आम्हाला? आजीचं खोटं नाही. पण आजीच्या कपाळावरची तुळस म्हणजे पाच-सहा ठिपके, आणि तुमच्या दंडावर चार तास शेडिंग केलेलं आहे. दोन्हींत जखमेचं क्षेत्रफळ वेगळं. शिवाय हळदीनं सगळं पिवळं झालं की खालची त्वचा लाल होतेय का, हे आम्हालाही दिसत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. लेप वाळला की तो काढायला घासावं लागतं ते निराळंच. आजींना आमचा नमस्कार सांगा, त्यांचं गोंदण बघायला आम्हाला खरोखर आवडेल. एखादीला तसंच ठिपक्यांचं गोंदण नव्यानं करून हवं असेल तर तेही आम्ही करतो.

कोल्हापूरची हवाही विचारात घ्या. जुलै-ऑगस्टात हवेतच इतकं पाणी असतं की दिवसाला दोनदा क्रीम पुरते. डिसेंबर-जानेवारीत, ओठ फुटायला लागले की, चार वेळा लावली तरी चालेल, पण दर वेळी तीच पातळ. एप्रिल-मेत घाम आला की त्याच्यावर क्रीम चढवू नका. आधी धुवा. टॅटूवर चिकटवायची पारदर्शक फिल्म लावून घेतली असेल तर तिच्याखाली क्रीम अजिबात लावायची नाही. ती फिल्म आम्ही सांगू तितके दिवस ठेवायची. कडा सुटून पाणी आत गेलं तर मात्र लगेच काढायची, परत चिकटवायची नाही. पावसाळ्यात रेनकोट घालून गाडी चालवणाऱ्यांना आम्ही फिल्म घ्या असं म्हणत नाही, जरी त्याचे वेगळे पैसे मिळतात.

तालमीतल्या पोरांसाठी खास. तीन आठवडे आखाड्यात उतरायचं नाही. वस्ताद ओरडले तर हा कागद दाखवा. तांबड्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू घालतात, माती चांगली असते, पण तिच्यात चाळीस जणांचा घामही असतो, आणि नायटा तालमीत कसा पसरतो ते तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. बैठका मारा, टॅटूवर ताण येणार नाही असं बघून. पंचगंगेत डुबकी, विहीर, स्विमिंग टँक हेही तेवढेच दिवस बंद. आंघोळ करा, पण टॅटू भिजत ठेवू नका.

गुलालाबद्दल वेगळं सांगायला पाहिजे. जोतिबाची चैत्र यात्रा, गणपतीची मिरवणूक, आणि कुणी ना कुणी निवडून आल्याचा गुलाल, वर्षभर कुठं ना कुठं उधळण चालूच असते. मिरवणुकीत दंड उघडा टाकून दाखवता यावा म्हणून लोक आदल्या आठवड्यात टॅटू करायला येतात. क्रीम लावलेल्या ओल्या टॅटूवर गुलाल बसला की तो चिखल होतो, आणि काढताना खपली जाते. मिरवणुकीच्या निदान महिनाभर आधी या. गर्दीच्या त्या आठवड्यात आम्ही मोठी कामं घेतच नाही. त्यात आमचं नुकसान होतं, पण नंतरच्या टचअपचं नुकसान जास्त असतं.

आणि हो, मटण चालतं का? चालतं. तांबडा-पांढरा दोन्ही चालतो, वांगंही चालतं. जखम पिकते ती घाणेरड्या हातानं, रश्श्यानं नाही. फक्त मसाल्याचा हात टॅटूला लावू नका, झोंबेल. दारू मात्र टॅटूच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी नको, रक्त जास्त येतं आणि काम करायला त्रास होतो.

पाचव्या ते दहाव्या दिवसात पापुद्रे निघतात, उन्हात भाजलेल्या कातडीसारखे. त्यांच्यात रंग दिसतो. घाबरून फोन करू नका. ही वरच्या थरातली शाई आहे, ती जायचीच होती. आतली जागेवर आहे. खाज भयंकर सुटते. नखं लावू नका, वरून हलकं थोपटा किंवा थोडी क्रीम लावा. अर्थात त्याच मापानं. पापुद्रे गेल्यावर काही आठवडे टॅटू धुरकट, मेणचट दिसतो. नवीन त्वचा जाड व्हायची असते तोवर तसंच. त्यावर उपाय म्हणून जास्त क्रीम चोळणारेही आहेत. काही उपयोग नाही, थांबा. पूर्ण भरल्यावर उन्हात जाताना एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन लावा, रंग जास्त वर्षं टिकेल. भरण्याआधी सनस्क्रीन नको, लांब बाही घाला.

पहिले दोन-तीन दिवस लाली, थोडी सूज, हात लावला की दुखणं हे नेहमीचं आहे. पण त्यानंतर दुखणं वाढत गेलं, लाली टॅटूबाहेर पसरायला लागली, जागा गरम लागली, पिवळा-हिरवा पू आला किंवा ताप भरला, तर आम्हाला फोटो पाठवत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आम्ही टॅटूवाले आहोत, अँटिबायोटिक सांगणं आमचं काम नव्हे. मंडळाच्या रक्तदान शिबिराला नाव दिलं असेल तर तिथंही टॅटूचं सांगा. टॅटूनंतर वर्षभर रक्त घेत नाहीत.

बाकी कसलीही शंका असेल तर फोटो पाठवा, ते आम्हाला आवडतं. तिसऱ्या आणि आठव्या दिवशीचा फोटो तर पाठवाच. दिवसाच्या उजेडात, क्रीम लावण्याआधी काढलेला. दुसरीकडे केलेल्या टॅटूबद्दलही विचारा, त्याचे पैसे घेत नाही. उत्तर संध्याकाळी मिळेल, कारण दिवसा हातात मशीन असतं.

दीड महिन्यानंतर एक टचअप आमच्याकडून मोफत आहे. कुठं रंग उडाला, कुठं रेघ बारीक राहिली, ते भरून देऊ. येताना ट्यूब बरोबर आणा. आधी ती दाबून बघू, मग टॅटू बघू.