नव्या प्रोसेसच्या हाती काय द्यायचं?

सी भाषेतला प्रोग्राम दुसरा प्रोग्राम चालवतो, तेव्हा आर्ग्युमेंट्स विचार करून देतो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून मिळणाऱ्या नावासह सेटिंग्ज, मात्र आपसूक सोबत जातात. १९७९ साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासूनची ही रीत. ती सोयीची आहे, पण आंधळेपणाने पाळू नये, असं माझं ठाम मत आहे.

रचना साधीच: ‘नाव=किंमत’ अशा स्ट्रिंग्ज, त्यांच्या पॉइंटर्सचा अ‍ॅरे आणि शेवटी नल. फोर्क केल्यावर, म्हणजे चालू प्रोग्रामची (प्रोसेसची) दुसरी प्रत काढल्यावर, त्या नव्या प्रोसेसला, म्हणजे मुलाला, या सगळ्याची प्रत मिळते. मग मुलात नवा प्रोग्राम सुरू करणाऱ्या एक्झेकव्हीईला तिसरं आर्ग्युमेंट म्हणून जो अ‍ॅरे द्याल, तीच नव्या प्रोग्रामची एन्व्हायर्नमेंट. त्याच कामाच्या एक्झेकव्हीपीला हे आर्ग्युमेंटच नाही. तो पालकाकडून आलेलं सगळं तसंच पुढे सरकवतो.

यात काय दडू शकतं, ते सप्टेंबर २०१४मध्ये ‘शेलशॉक’ या सुरक्षेतल्या त्रुटीने दाखवलं. बॅश हा कमांड चालवणारा शेल सुरू होताना एन्व्हायर्नमेंट वाचायचा. एखादी किंमत ‘() {’ अशी सुरू झाली, की ती फंक्शनची व्याख्या धरायचा आणि व्याख्या संपल्यावर पुढे लिहिलेली कमांडही चालवून टाकायचा. आता सीजीआयने, म्हणजे आलेल्या विनंतीसाठी वेगळा प्रोग्राम सुरू करून, चालणारा वेब सर्व्हर घ्या. ब्राउझरने पाठवलेलं, स्वतःची ओळख सांगणारं यूजर-एजंट हेडर तो ‘एचटीटीपी_यूजर_एजंट’ या व्हेरिएबलमध्ये भरतो आणि स्क्रिप्ट सुरू करतो. ती स्क्रिप्ट बॅशमधली असली, की कुणा परक्याने हेडरमध्ये लिहिलेली कमांड थेट सर्व्हरवर चालायची! स्टेफान शाझेलास यांना ही चूक सापडली तोवर ती बॅशमध्ये कित्येक वर्षं मुक्कामाला होती.

म्हणून यादी आपण बनवावी: ठरावीक पाथ (प्रोग्राम शोधायच्या जागा), टाइमझोन, लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) आणि त्या प्रोग्रामला खरोखर लागतं तेवढंच. डेटाबेसचा पासवर्ड किंवा एलडी_प्रीलोड (प्रोग्राममध्ये आधीच दुसरी लायब्ररी घुसवणारं व्हेरिएबल) पुढे जायचं कारण नाही.

ही यादी फोर्कच्या आधीच तयार ठेवा. अनेक थ्रेड्सच्या, म्हणजे एकाच वेळी समांतर कामं चालणाऱ्या, प्रोग्राममध्ये फोर्कनंतर मुलात एकच थ्रेड उरतो. दुसऱ्या थ्रेडने घेतलेलं लॉक तसंच राहतं, ते सोडायला कुणी नसतं. तिथे सेटएन्व्हने व्हेरिएबल बदलायला गेलं तर मूल कायमचं अडकू शकतं. युनिक्ससाठीच्या पॉझिक्स मानकाने अशा वेळी एक्झेकव्हीईला मुभा दिली आहे, सेटएन्व्हला नाही. व्हेरिएबल घालणाऱ्याच पुटएन्व्हची आणखी एक खोड: ते स्ट्रिंगची प्रत करत नाही, तुमचाच पॉइंटर ठेवतं. लोकल अ‍ॅरे दिलात, तर फंक्शन संपल्यावर तिथे कचरा उरतो.

लिनक्सवर पडताळणी सोपी आहे. ‘प्रोक’ डिरेक्टरीत त्या प्रोसेसच्या क्रमांकाखाली ‘एन्व्हायरॉन’ ही फाइल असते. तिच्यात प्रोग्राम सुरू होताना मिळालेली यादी दिसते. नंतर सेटएन्व्हने घातलेली भर तिथे शोधू नका.